बाण उलटा बसला

मी एक जुना टायर आहे, मित्रांनो, आणि हे सांगताना माझ्या पोटात पाण्याचं घमेलं आहे. टाकळीच्या माणिकबाईंच्या कोठ्यात, गाईच्या दावणीशेजारी, मी आडवा पडलेलो आहे. समोर एक तांबडी कालवड बांधली आहे. ती भारी आगाऊ. नुसतं घमेलं ठेवलं की डोक्यानं ढोसून पाणी सांडून टाकते, म्हणून माणिकबाईंनी ते माझ्या मधोमध बसवलं. आता कितीही ढोसलं तरी हलत नाही. पाणी पिऊन झालं की ती माझ्या कडेवरून जीभ फिरवते. मला गुदगुल्या होतात, पण मी तक्रार करत नाही.

ही कालवड आज इथे उभी आहे त्यात माझा थोडा वाटा आहे. आणि हिच्या आधी एक वासरू होतं, ते राहिलं नाही, त्यातही माझं नाव घेतलं गेलं. दोन्ही गोष्टी सांगतो. एक सांगून दुसरी लपवली तर मी कसला टायर?

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट आठवत नाही. भयंकर उकाडा होता, एवढं आठवतं. साच्यातून काढलं तेव्हा अंगावर रबराचे बारीक केस होते आणि एकाच कुशीवर पांढऱ्या अक्षरांत कंपनीचं नाव होतं. दोन्ही कुशींवर एकेक लहानसा बाण होता, काळ्यावर काळा, बोटाच्या पेराएवढा. हा बाण लक्षात ठेवा. पुढे जायचं तर मी या बाणाच्या बाजूनं फिरायचं, असा त्याचा अर्थ. माझ्या अंगावरचे ठोकळे तिरपे आहेत. बाणाच्या बाजूनं फिरलो की चिखल दोन्ही कडांनी बाहेर फेकला जातो. उलटा फिरलो की तोच चिखल मधे गोळा होऊन दाबून बसतो. डांबरावर फारसं काही जाणवत नाही. जाणवतं ते चिखलात.

अमरावतीच्या एका टायरच्या दुकानात मी भिंतीला टेकून उभा होतो. माझ्या एका बाजूला गुळगुळीत अंगाचे, बारीक रेघांचे डांबरी टायर होते. दुसऱ्या बाजूला होते बटन टायर, उंच उंच गुट्ट्यांचे. ते आपल्याला पैलवान समजायचे. डांबरी टायर म्हणायचे, आमच्यासारखा ब्रेक कोणाचा लागतो? बटन टायर म्हणायचे, डांबर सोडून खाली उतरा, मग बोलू. आणि दोघे मिळून माझी थट्टा करायचे, कारण मी मधला. माझे ठोकळे डांबरी टायरापेक्षा मोठे, बटनापेक्षा बुटके. रस्त्यावर चालणारा आणि मातीतही चालणारा. असल्या मधल्याला गिऱ्हाईक लवकर भेटत नाही. मी तीन महिने धूळ खात होतो.

मग एक दिवस रश्मी आली.

रश्मी म्हणजे जनावरांची डॉक्टर. अकोल्याला शिकून वलगावला आपल्या घरी परतलेली आणि आसपासच्या खेड्यांत मोटरसायकलवर फिरणारी. लोक तिला 'ढोराची डॉक्टरीण' म्हणायचे. सोबत तिचे वडील बुधाजी होते. बुधाजींनी तीस वर्षं एसटीच्या डेपोत टायर बसवण्याचं काम केलं होतं आणि ते हे दर पाच मिनिटांनी कोणाला तरी सांगायचे. मोटरसायकलचा पुढचा टायर चांगला होता, मागचा पार झिजला होता. मागचाच घ्यायचा होता.

"डांबरी घे माय," बुधाजी म्हणाले. "अचलपूरच्या रोडवर दिवसभर फिरतं तू. पांदणीत थोडंसंच जा लागते. तठी उतरून ढकलता येते."

"ढकलत ढकलत जाईन तं गाय थांबते का बाबा माह्यासाठी?"

"मंग बटन घे."

"बटन डांबरावर घसरते. पावसात वळणावर पडली तं मले कोन उचलन?"

दुकानदार दोघांकडे आळीपाळीनं पाहत होता. मग रश्मीनं जे केलं ते त्या दुकानात आजवर कोणी केलं नव्हतं. तिनं पिशवीतून एक पुडकं काढलं. त्यात पांदणीची, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या गाडवाटेची, काळी माती होती, पाणी घालून कणकेसारखी मळलेली. वऱ्हाडातली काळी माती ओली झाली की कशी चिकटते, ते मी तुम्हाला सांगायला नको. चप्पल घालून दोन पावलं टाकली की तिसऱ्या पावलाला चप्पल मागे राहते.

तिनं त्या मातीचा गोळा आधी डांबरी टायरावर दाबला. त्याच्या रेघा लिंपून सपाट झाल्या. मग बटन टायरात दाबला, टायर जमिनीवर आपटला, तर माती टपकन पडली. पण तिनं उंच गुट्टी अंगठ्यानं दाबून पाहिली, ती वाकली, आणि तिनं मान हलवली. मग ती माझ्याकडे वळली. माझ्या दोन ठोकळ्यांच्या मधे तिनं बोट घालून पाहिलं, मग माती ठासून भरली, मग मला उचलून एकदा फरशीवर आपटलं.

माती पडली. सगळी नाही, पण बरीचशी पडली.

"अहो मॅडम, फरशी!" दुकानदार ओरडला.

"झाडून देते ना दादा," रश्मी म्हणाली. "हाच द्या."

मित्रांनो, त्या क्षणी मी बटन टायरांकडे पाहिलंसुद्धा नाही. मला कशाला पाहायचं होतं? मला निवडलं होतं! चिखल हातानं मळून, बोट घालून, आपटून, पारखून निवडलं होतं. त्या एका दिवसाच्या जोरावर मी पुढचं वर्ष काढलं.

दुकानदारानं बाणाचं काही सांगितलं नाही, आणि रश्मीनं विचारलं नाही.

वलगावच्या फाट्यावर भगवंतचं पंक्चरचं दुकान आहे. मला बसवायला तिथे नेलं. तेवढ्यात रश्मीला फोन आला, कोणाची तरी म्हैस चारा सोडून बसली होती. ती शेजाऱ्याची स्कूटर घेऊन निघून गेली. राहिलो मी, भगवंत आणि बुधाजी.

भगवंतनं मला रिंगवर चढवलं आणि तो थांबला.

"काका, याच्यावर बाण हाय."

"असू दे ना."

"या बाजूनं बसवला तं नाव सायलेन्सरकडे येते."

बुधाजींनी मला हातात घेऊन दोन्ही कुशी पाहिल्या. पांढरी अक्षरं उजवीकडे आली तर सायलेन्सरखाली झाकून जाणार. डावीकडे आली तर येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणार. त्यांची लेक डॉक्टर, तिनं पारखून घेतलेला टायर, आणि नाव झाकायचं?

"उलटून बसव," ते म्हणाले. "नाव दिसलं पायजे."

"पन काका, बाण..."

"थे कंपनीची डिझाइन असते बे! मले शिकवतं का? तीस वर्ष डेपोत टायर बसवले. एका टायराले बाण नोता."

आता एसटीच्या टायरांना बाण नव्हता, ही गोष्ट अगदी खरी असेल. ते टायर कोणत्याही बाजूनं फिरतात. पण मी एसटीचा टायर आहे का? मला ओरडायचं होतं, पण टायराला तोंड कुठे? हवा भरली गेली, नट आवळले गेले, आणि मी उलटा बसलो. बुधाजींनी फडक्यानं माझी पांढरी अक्षरं पुसली आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं. खूश झाले.

त्या वर्षी पावसानं आधी नुसतीच हूल दिली. आखाडात पांदणी जेमतेम ओल्या होत्या. माझं निभत गेलं. डांबरावर तर मी मजेत धावायचो. रश्मी पांदणीच्या तोंडाशी थांबून माझी थोडी हवा सोडायची, म्हणजे मी मऊ होऊन माती धरायचो. डांबरावर परतली की पायपंपानं हवा भरायची. असली काळजी घेणारी मालकीण शंभरात एक! कोणाच्या गाईचा खूर पाहायचा, कोणाच्या बैलाला सुई द्यायची, आणि संध्याकाळी घरी येऊन मला धुवायचं. धुताना मात्र ती कधी कधी कपाळाला आठी घालून पाहायची. "दुकानात तं माती लगेच पडली होती," असं पुटपुटायची.

"नवा हाय," बुधाजी म्हणायचे. "घासला का बसन."

पोळा झाला आणि भादव्यात पावसानं सगळी कसर भरून काढली. चार दिवस झड लागली. पाचव्या दिवशी दुपारी माणिकबाईंचा फोन आला. गाय अडली होती. वासराचा एकच पाय बाहेर आला होता, डोकं मागे वळलं होतं.

रश्मीनं पिशवी पाठीला लावली आणि निघाली. डांबराचे बारा किलोमीटर मी असा धावलो की काय सांगू! मग टाकळीची पांदण आली. तिनं हवा सोडली आणि आम्ही आत शिरलो.

पन्नास पावलंही गेलो नसू. मी फिरत होतो आणि चिखल माझ्याकडे येत होता. बाहेर जायच्या ऐवजी मधे, अजून मधे. ठोकळे बुजले. मडगार्ड भरलं. मी जिवाच्या करारानं फिरायचा प्रयत्न केला, पण मी चाक राहिलोच नव्हतो, मातीचा गोळा झालो होतो. गाडी जागच्या जागी थांबली. रश्मीनं खाली उतरून काडीनं चिखल उकरला. पुन्हा चालू केली. वीस पावलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ती काडी मोडली, तेव्हा तिनं दोन्ही हातांनी उकरलं. तिच्या नखांत माती गेली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती मला म्हणत होती, "चाल ना रे, चाल ना!"

मित्रांनो, मला चालायचं होतं. आयुष्यात मला दुसरं काही इतकं करावंसं वाटलं नाही. फक्त मला माझ्या बाजूनं फिरू द्या, एवढंच मागणं होतं, आणि ते सांगता येत नव्हतं.

शेवटी ती गाडी तिथेच टाकून धावत गेली. गुडघाभर चिखलातून.

गाय वाचली. वासरू गेलं होतं. कालवड होती, तांबडीच. हे मला संध्याकाळी परतताना कळलं, कारण रश्मी गाडी ढकलत होती आणि माणिकबाई तिच्यासोबत टाकळीच्या फाट्यापर्यंत आल्या होत्या. त्या एकच वाक्य बोलल्या. "पोरी, अर्धा घंटा आधी आली असती तं..." रागानं बोलल्या नव्हत्या. पण ते वाक्य रश्मीच्या मनात रुतलं ते रुतलंच.

घरी आल्यावर ती ओसरीवर बसली आणि बुधाजींना म्हणाली, "माही निवड चुकली बाबा. तुमी म्हनत होते थेच खरं होतं. मले समजत नाई आन मी मोठी शहाणी बनून माती घेऊन गेली होती दुकानात."

दुसऱ्या दिवशी सकाळी बुधाजी एकटेच मला धुवायला बसले. खराट्याच्या काडीनं ठोकळ्यांतला चिखल काढताना त्यांचा हात हळूहळू थांबला. चिखल कसा बसला होता, ते त्यांनी पाहिलं. सगळा मधोमध, दाबून. मग त्यांनी ओल्या बोटानं माझ्या कुशीवरचा बाण पुसला. बाण मागे तोंड करून होता. त्यांनी चाक हातानं फिरवलं, पुढे, मग मागे, मग पुन्हा पुढे. तीस वर्षं टायर बसवलेला माणूस, त्याला समजायला किती वेळ लागणार?

रश्मी चहा घेऊन बाहेर आली. "काय पाहून राहिले बाबा?"

आता बोलतील, मला वाटलं. बोला काका, बोला!

"हवा कमी असन," बुधाजी म्हणाले.

मला असा संताप आला म्हणता! हवा पूर्ण भरलेली असती तर मी रागानं फुटलोच असतो.

त्यानंतर रश्मीनं खेड्यांत जाणं कमी केलं. फोन आला की ती आधी रस्ता विचारायची आणि पांदण म्हटलं की नाही म्हणायची. दिवाळीनंतर तिनं अकोल्याला ढेपेच्या, म्हणजे सरकीच्या पेंडीच्या, एका कंपनीत नोकरी धरली. टेबलाशी बसायचं, कागद पाहायचे. अकोल्यात सगळं डांबर. भगवंतनं मला काढलं आणि माझ्या जागी एक डांबरी टायर बसवला. रश्मीनं जाताना माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. तिचा तरी काय दोष? तिच्या लेखी मी म्हणजे तिची चूक होतो.

बुधाजींनी मला टिनाच्या खोलीत खिळ्यावर टांगलं.

खिळ्यावर टांगलेल्या टायराचे दिवस कसे जातात, ते तुम्हाला ठाऊक नाही. टिन तापतं, टिन थंड होतं. पालीनं माझ्या पोटात घर केलं. रस्त्यावरून गाडी गेली की आवाजावरून ओळखायचो, ही डांबरी, ही बटन. आणि रश्मीच्या गाडीचा आवाज कान लावून ऐकायचो. ती महिन्यातून एकदा यायची, रविवारी, आणि संध्याकाळी जायची. मला मातीची आठवण यायची, हसू नका! ज्या मातीनं मला अडवलं, तिचीच. पांदणीच्या दोन्ही बाजूंची कपाशीची पऱ्हाटी, बाभळीच्या काट्यांची भीती, कोठ्यापुढे थांबल्यावर अंगाला लागणारा शेणाचा वास, आणि "आली वो डॉक्टरीणबाई" म्हणून घरातून येणारी हाक. मला एकदा, फक्त एकदा, सुलटं फिरून त्या पांदणीतून पार जायचं होतं. नाहीतर मी वाईट टायर म्हणूनच मरणार होतो.

आणि बुधाजी रोज यायचे. काही कामासाठी आल्यासारखे यायचे, पाना शोधल्यासारखं करायचे, आणि माझ्यापुढे उभे राहायचे. बाणावर अंगठा ठेवायचे. मग फोन काढून अकोल्याला लावायचे.

"जेवली का?"

पलीकडून रश्मी काहीतरी बोलायची.

"बरं. काळजी घेजो."

झालं! रोज एवढंच! अहो काका, जेवली असेल ती, तुम्ही आपलं बोला! पण घशापर्यंत आलेलं ते गिळून टाकायचे. वर्षभर गिळलं. त्यांचं जेवण कमी झालं, डेपोच्या गोष्टी सांगणं बंद झालं. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची. एवढ्या वर्षांची शहाणपणाची टोपी एका बाणापायी उतरवून लेकीच्या पुढे ठेवायची, हे सोपं नसतं.

पुन्हा भादवा आला. एका सकाळी माणिकबाई वलगावला आल्या, टाकळीहून फाट्यापर्यंत पायी आणि पुढे एसटीनं. बुधाजी त्या वेळी माझ्याजवळच होते, म्हणून मी सगळं ऐकलं.

"डॉक्टरीणबाई कवा येते?" त्यांनी विचारलं. "गाय पुन्हा भरत आली. आठ-दहा दिवस राह्यले."

"थे अकोल्याले असते आता. दुसऱ्या डॉक्टराले सांगा ना."

"दुसऱ्याची गाडी फाट्यावर थांबते. म्हन्ते, गाय इकडे घेऊन या." माणिकबाई खाली बसल्या. "थ्या दिवशी पोरगी चिखलात पडत-झडत आली. पायात चप्पल नोती तिच्या. आन म्या तिले तसं बोलली. वर्ष झालं, मले थे बोलनं आठवते. येईन तं तिची माफी मागीन म्हनते."

मग बुधाजींनी मला खिळ्यावरून काढलं आणि माणिकबाईंपुढे ठेवलं.

"तुमी काहून माफी मागता? चूक माही हाय. हा टायर म्या उलटा बसवला. पंक्चरवाल्या पोरानं सांगतलं होतं मले. म्या आयकलं नाई. नाव दिसलं पायजे म्हनून."

माणिकबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"मले कावून सांगता?" त्या म्हणाल्या. "तिले सांगा."

त्याच दुपारी बुधाजी मला खांद्यावर घेऊन अकोल्याच्या एसटीत चढले. कंडक्टर म्हणाला, "काका, टायराचं तिकीट काढा लागन." बुधाजी म्हणाले, "काढ ना बाप्पा. त्याचंच आधी काढ." एरवी त्यांनी डेपोची ओळख सांगून वाद घातला असता. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. ते मला पायांच्या मधे धरून बसले होते आणि ओठ हलवत होते. काय बोलायचं ते घोकत होते.

रश्मी कंपनीच्या फाटकाबाहेर आली. वडिलांना टायर घेऊन उभं पाहून ती घाबरलीच.

"काय झालं बाबा? तब्येत..."

घोकलेलं सगळं विसरले ते. त्यांनी मला उभं केलं, तिचा हात धरला आणि तिचं बोट माझ्या बाणावर ठेवलं.

"हा बाण. म्या उलटा बसवला. तुही निवड चुकली नोती माय. टायरबी चुकला नोता."

रश्मी खाली बसली. तिनं बोट माझ्या ठोकळ्यांवरून फिरवलं, बाणाच्या बाजूनं, मग उलट्या बाजूनं. दुकानात बोट घालून पाहिलं होतं तसंच. मग तिनं वर पाहिलं.

"कवा समजलं तुमाले?"

"दुसऱ्याच दिवशी."

"एक वर्ष बाबा?" तिचा आवाज चिरकला. "एक वर्ष? तुमी रोज फोन करत होते मले. रोज!"

बुधाजी म्हणाले, "माणिकबाईची गाय भरत आली," आणि मला तिच्यापाशी सोडून बसस्टँडकडे चालू लागले. तिनं त्यांना थांबवलं नाही. तिनं पळत जाऊन त्यांच्या गळ्यात पडावं असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटत होतं. तसं झालं नाही. ती माझ्यावर हात ठेवून तिथेच बसून रडली.

सहा दिवस मी तिच्या खोलीत भिंतीला टेकून होतो. बुधाजींचा फोन रोज वाजायचा आणि ती उचलायची नाही. सातव्या दिवशी तिनं मला पंक्चरच्या दुकानात नेलं आणि या वेळी माझी बाजू तिनं स्वतः तपासली. नट आवळल्यावर पुन्हा तपासली. पांढरी अक्षरं सायलेन्सरखाली झाकली गेली. झाकू द्या! मला नावाशी काय करायचं होतं?

आम्ही थेट टाकळीला गेलो, वलगावला न थांबता. आदल्या दिवशी जोराचा पाऊस झाला होता. पांदण तीच होती, तसाच काळा गारा. तिनं हवा सोडली.

आणि मी फिरलो, माझ्या बाजूनं. चिखल माझ्या अंगाला लागला, धरला आणि सुटला. डावीकडे उडाला, उजवीकडे उडाला, पऱ्हाटीवर जाऊन पडला. पन्नास पावलं गेली, शंभर गेली. जिथे गेल्या वर्षी थांबलो होतो ती बाभूळ मागे पडली. रश्मी रडत-हसत ओरडली, "चालला! अरे चालला हा!" तिथे ऐकायला कोणी नव्हतं, एक मी सोडून.

गाय त्याच रात्री व्याली. तांबडी कालवड, हीच, माझ्यापुढे उभी आहे ती. आगाऊपणा तिचा पहिल्या दिवसापासून आहे.

रश्मीनं अकोल्याची नोकरी सोडली. पुढची दोन वर्षं आम्ही नांदगाव खंडेश्वरापासून अचलपूरपर्यंत कुठे कुठे फिरलो, ते सगळं सांगत बसलो तर कालवड कंटाळेल. वडिलांशी ती बोलू लागली, पण तुटक. जेवा, झोपा, औषध घ्या, एवढंच. गाडीच्या कामाला मात्र त्यांना हात लावू द्यायची नाही. हवासुद्धा स्वतः भरायची. बुधाजी ओसरीवर बसून नुसते पाहायचे.

माझे ठोकळे झिजले. डांबरानं ते हळूहळू खाल्ले, त्याला इलाज नाही, दोन्हीकडे चालणाऱ्याला दोन्हीकडची झीज सोसावी लागते. रश्मीनं माझ्यासारखाच नवा टायर आणला. भगवंतच्या दुकानात मला काढून जमिनीवर ठेवलं. भगवंत नव्या टायराला हात घालणार, तोच रश्मीनं त्याला थांबवलं. तिनं तो नवा टायर उचलला आणि बाकावर बसलेल्या बुधाजींपुढे नेऊन ठेवला.

"बाबा," ती म्हणाली, "तुमी बसवा."

बुधाजींनी तिच्याकडे पाहिलं. मग धोतराला हात पुसले. त्यांनी तो टायर फिरवून बाण शोधला, त्यावर अंगठा ठेवला आणि भगवंतला विचारलं, "पाह्य बरं, बरोबर हाय ना?" भगवंत म्हणाला, "हाव काका." त्यांनी पुन्हा विचारलं. काम एकदम बिनचूक झालं. मी जमिनीवर पडून सगळं पाहिलं. मला तिथेच फेकून दिलं असतं तरी चाललं असतं.

पण फेकलं नाही. रश्मीनं मला इथे आणून दिलं. आता ती पांदणीतून येताना नव्या टायराचा आवाज ऐकू येतो आणि माझ्या आत काहीतरी फिरायला लागतं. तो चिखल, तो वेग, ती बाभूळ. मला अजून जावंसं वाटतं, मित्रांनो. घमेलं जड आहे, नाहीतर गेलोही असतो.

तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. टायर घेताना आपला रस्ता कोणता, ते आधी पाहा, मग पारखा आणि बसवताना बाण पाहा. आणि कधी कोणाचा बाण तुमच्या हातून उलटा बसला असेल, तर ते त्याला लवकर सांगा. वर्ष लावू नका. खिळ्यावर टांगलेल्याला एक एक दिवस फार मोठा असतो.